भीम्याच्या दोन ताटल्या

सोयराबाईंनी सुनेची ताटली पायानं बाजूला सारली आणि तिच्या जागी आपली ठेवली. ताटलीत रागीचा उंडा होता, वर मटणाच्या हाडांचा रस्सा. भीम्यानं एक डोळा उघडला, दोन्ही ताटल्यांकडं पाहिलं आणि पुन्हा मागच्या दारात हनुवटी टेकली.

"भीम्या, तुझ्या पुण्याच्या बाईसाहेबांना सांग," सोयराबाई म्हणाल्या, "आजाऱ्याच्या पथ्यावर कुत्रं जगत नाही."

वासंती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती.

"भीम्या, अक्कांना सांग, डॉक्टरांनी मीठ-मसाला बंद केलाय. आणि कांदा तर कुत्र्याला विषच."

कानडी मुलखात, मल्लेश्वरमच्या त्या घरात सासू-सुनेचं बोलणं असं कुत्र्यामार्फत चालायचं. मुलानं, अजितनं, कंपनीतली ही पुण्याची मुलगी स्वतःच्या मनानं करून आणली, तीही अंड्याला न शिवणारी. तेव्हापासून सोयराबाईंनी तिच्याशी थेट शब्द काढला नव्हता. वासंतीही काही गरीब गाय नव्हती. तिनं तीच रीत उचलली. अजित ऐकून न ऐकल्यासारखं करी आणि स्कूटरला किक मारून निघून जाई.

सोयराबाईंचे यजमान खंडोजीराव होते तोवर निभलं. भीम्याचं खाणं तेच शिजवायचे. डॉक्टरांनी त्यांच्या हृदयापायी मटण बंद केलं, आणि भीम्याचं पातेलं एकाएकी मोठं झालं. दुपारी ते मागच्या पायरीवर बसत, पहिला घास स्वतःच्या तोंडात टाकत आणि मग ताटली कुत्र्यापुढं सारत. कुत्र्याच्या नावावर स्वतःच्या जिभेचे चोचले चाललेत, असं सोयराबाई आतून सुनावत. मी खाल्ल्याशिवाय तो खात नाही, असं ते म्हणत. मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं, असं म्हणून त्या तांदूळ निवडायला बसत.

ते गेले आणि सोयराबाईंनी मांसमटण सोडलं. भीम्यासाठी रस्सा मात्र त्या करत, नाकाला पदर लावून. वासंती भात, मुगाची डाळ, गाजर आणि भोपळा एकत्र मऊ शिजवी. भीम्या दोन्ही हुंगे, जिवापुरतं कधीतरी चाटे आणि तोंड फिरवी. त्याच्या बरगड्या दिसू लागल्या. डॉक्टरांना रोग सापडला नाही. दुसरीच्या स्वयंपाकाच्या वासानंच कुत्र्याची भूक मेली, याबद्दल मात्र दोघींच्याही मनात शंका नव्हती.

रोजच्या या कटकटीला कंटाळून अजितनं ठरवलं, की सर्जापूरकडच्या देवाप्पाच्या मळ्यावर भीम्याला पाठवायचं. दोघींपैकी कुणीच नको म्हणाली नाही, कारण आधी नको म्हणणारी हरणार होती. पण सोयराबाईंच्या नवऱ्याचं म्हणून त्या घरात जिवंत असं तेवढंच उरलं होतं, आणि आता तेही जाणार होतं. आज देवाप्पा येऊन बसला होता. त्याचा टेम्पो फाटकाशी उभा होता आणि बाहेरच्या खोलीत अजित त्याला कॉफी देत होता.

वासंती पुढं आली. तिनं रस्स्याची ताटली उचलून लांब ठेवली आणि आपली पुन्हा भीम्याच्या तोंडाशी आणली.

सोयराबाईंच्या अंगाची लाहीलाही झाली. त्या मागच्या पायरीवर मट्‌कन बसल्या.

"हे माणसाच्या तरी घशाखाली उतरेल का, विचार तिला."

एवढं म्हणून त्यांनी त्या ताटलीतला चांगला मोठा घास घेतला आणि तोंडात घातला. त्याला चव म्हणून नव्हती. थुंकावंसं वाटलं, पण सुनेसमोर थुंकणं म्हणजे माघार. तिच्यावर डोळे रोखून त्यांनी तो चावला आणि गिळला.

भीम्या उठला. त्यानं त्यांचा हात हुंगला आणि ताटलीत तोंड घातलं.

तो खात होता. वासंती एक पाऊल पुढं येऊन तिथंच थांबली. सोयराबाईंचा हात तसाच राहिला. आपण कुठल्या पायरीवर बसलोय, हे त्यांना आत्ता कळलं.

"ते खरंच सांगत होते," त्या म्हणाल्या. कुणाला ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

रस्स्याची ताटली बाजूला निवत पडली होती. तिच्यातला घास आता त्या घेऊ शकत नव्हत्या, आणि वासंतीचा तर प्रश्नच नव्हता. यापुढं भीम्यानं जेवायचं तर सुनेच्या हातचंच, आणि त्याच्या आधी त्यांनीही. वासंतीच्याही ते लक्षात आलं. तिच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद होता आणि तो लपवायची तसदी तिनं घेतली नाही.

बाहेरून अजितनं हाक मारली, की देवाप्पाला उशीर होतोय.

"सरी, ठीक आहे, कॉफी पिऊन जाऊ दे त्याला," सोयराबाई ओरडल्या. "कुत्रं कुठं जात नाही."

भीम्याचं तोंड अजून ताटलीतच होतं. निरोप सांगायला दुसरं कुणी नव्हतं. सोयराबाईंनी सरळ सुनेकडं पाहिलं.

"उद्यापासून स्वल्प मीठ आणून ठेव."

"त्याला मीठ चालत नाही, अक्का."

"त्याला नाही," पदराला हात पुसत सोयराबाई म्हणाल्या. "मला."