मागची जागा

"या होडीत भूत आहे का हो?"

टाकलं एकदाचं विचारून. वर्गातल्या तिघींनी पैज लावली होती, की ऐन वेळी मी शेपूट घालणार. सिस्टरांचे यजमान गेल्यावरही त्या एकट्याच तळ्यावर होडी घेऊन जायच्या आणि होडीत कुणाशी तरी बोलायच्या, असं आमची सगळी गल्ली सांगायची. मी यंदा वक्तृत्वात पहिली आले आहे. एक प्रश्न विचारायला मी घाबरते की काय!

आईने दंडाला असा चिमटा काढला, की त्याचा वळ दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना पुरावा म्हणून दाखवता आला. बाबा सिस्टरांच्या शेडमध्ये होडीखाली वाकून कुठे चीर आहे का ते बघत होते. त्यांचं डोकं फळीवर आपटलं.

सिस्टर चिडल्या नाहीत. सगळी नोकरी वॉर्डात गेलेली, लोकांनी याहून वाईट प्रश्न विचारले असतील. ओलं फडकं पिळत त्या म्हणाल्या,

"होतं. आता नाही."

आणि पुन्हा होडी पुसायला लागल्या.

सिस्टर होडी विकणार होत्या आणि ती हवी होती बाबांना, रविवारी आम्हा तिघांना घेऊन फिरायला. ते लिफ्ट दुरुस्त करतात. आठवडाभर वर-खाली करतो, एक दिवस तरी मला आडवं जाऊ द्या, असं त्यांचं म्हणणं. आईचं म्हणणं, ज्याला पोहता येत नाही तो आडवा जाईल तो कायमचाच. शेवटी तिघांसाठी तीन लाइफ जॅकेटं आली आणि आईचा नाइलाज झाला.

पण "होतं" म्हणजे काय? मी तशीच उभी राहिले. सिस्टरांनी सांगितलं ते रात्रपाळीला आलेल्या नर्सला पेशंटची हकिगत सांगावी तसं, आवाज न चढवता.

त्यांचे यजमान बसमध्ये कंडक्टर होते. बसमध्ये मागे, होडीतही मागेच. दिवसभर ओरडून घसा बसलेला असायचा, त्यामुळे पाण्यावर ते तोंड म्हणून उघडायचे नाहीत. सिस्टर पुढे बसायच्या, आणि पुढच्याने मागे वळायचं नाही, होडी कलते. म्हणजे इतकी वर्षं दोघं सुट्टीच्या दिवशी बरोबर फिरली, पण होडीत सिस्टरांना ते कधी दिसले नाहीत. मागून बसणारा रेटा तेवढा कळायचा. ते गेल्यावर सिस्टर मागच्या फळीवर पाण्याचा भरलेला कॅन ठेवायला लागल्या, नाहीतर होडीचं नाक खाली जातं. बाकी सगळं तसंच. वळून बघायचं नव्हतंच, त्यामुळे फरक पडायचं काही कारण नव्हतं.

"मग एक दिवस काठावरून कुणीतरी हाक मारली," सिस्टर म्हणाल्या. "'सिस्टर, आज एकट्याच का?' मी आपली सांगायला वळले, 'एकटी कुठे, हे आहेत ना.'"

फडकं फळीवर थांबलं.

"कॅन होता."

बाबा घसा खाकरून म्हणाले, होडी छान आहे.

नुसती बघून होडी घेऊ नये, पाण्यात घालून बघा, असं सिस्टरच म्हणाल्या. तळं घरामागच्या फाटकापलीकडेच होतं. चौघांनी मिळून होडी पाण्यात ढकलली. सिस्टर जॅकेट चढवून सवयीने पुढे जाऊन बसल्या. मागे बाबा बसायचे होते, पण त्यांचं जॅकेट पोटावर बंद होईना आणि आई हसत सुटली. मग मीच मागे जाऊन बसले. मागे मी बसले आहे हे सिस्टरांना चांगलंच माहीत होतं. हलू नकोस, एवढं त्यांनी मला बजावलंही.

माझ्या वल्ह्याला शेवाळ अडकलं होतं. झटकायला म्हणून मी ते होडीच्या कडेवर आपटलं. ठक ठक.

सिस्टरांनी वल्हं घातलं आणि होडी निघाली.

मला वाटलं, योगायोग. पुढे गेल्यावर माझा हात घसरला आणि वल्हं एकदाच आपटलं. ठक. सिस्टरांनी लगेच वल्ह्याची बाजू बदलली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. डबल बेल! कंडक्टर माणूस, बोलायचा नाही, बेल द्यायचा.

खरं तर मी तेव्हाच सांगायला हवं होतं, की सिस्टर, चुकून झालं हो. मी तर झोपेतही बोलते. पण तोंड उघडेना. समोर सिस्टरांची पाठ होती. मघाशी शेडमध्ये ती वाकलेली होती, आता ताठ झाली होती. पाणी इतकं स्थिर होतं, की वल्ह्यावरून गळणारा थेंब न् थेंब ऐकू येत होता.

मध्यावर आलो तेव्हा त्या बोलल्या. मान जराही न वळवता, अगदी घरातल्या आवाजात.

"अहो, जरा हळू."

मी वल्हं हळू केलं.

"ऊन लागतंय का?"

माझा आवाज निघून चालणार नव्हता. मी दोनदा ठोकलं. ठक ठक. चालू दे.

काठाला लागल्यावरही बराच वेळ समोर बघत बसून राहिल्या. बाबांनी हात दिला तेव्हा उतरल्या. मागे न बघताच वर फाटकाकडे गेल्या आणि जाता जाता म्हणाल्या, आजच घेऊन जा, माझ्यासमोर नको राहायला.

टेम्पो बघायला आम्ही तिघं रस्त्यावर आलो. बाबा होडी कुठे टांगायची त्याचा बेत करत होते. आईने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. एवढा वेळ गप्प आहे, बाधली की काय हिला?

"होडी आज आणायची नाही," मी म्हटलं. "घ्यायची, पण राहील इथेच. रविवारी आपण फिरू, पण त्याआधी पहिली फेरी सिस्टरांची. मी मागे बसणार."

"आणि त्यांना काय सांगणार?" आईने विचारलं.

"काही नाही. मी गप्प बसणार."