पौष्टिक कळलावी

गावची जैवविविधता नोंदवही तयार झाली होती. गावाला मात्र कुणी विचारलं नव्हतं. कंत्राट घेतलेल्या संस्थेचे राधेश्याम सर दोनदा आले, पारावर चहा प्याले, फोटो काढले नि गेले. आज श्रावणी सोमवारी ते सह्या घ्यायला ग्रामपंचायतीत येऊन बसले होते. सरपंच काकासाहेबांनी सहीसाठी स्वतःचं पेनसुद्धा काढून ठेवलं होतं.

नोंदवहीच्या समितीत बाई हवी म्हणून शिवकन्येचं नाव घातलेलं. शिकलेली सून, वनस्पतिशास्त्राची पदवी, तीन वर्षांच्या लेकीपायी घरीच; सही टाळून कुठं पळणार? पण हिला एक वाईट खोड होती. सही करण्याआधी ती वाचायची.

"गावात खाडीकाठच्या तिवराची झाडं," ती म्हणाली. "भोकरदन तालुक्यात! आणि हे मासे भरतीच्या पाण्यात धरतात म्हणे. सर, आमच्या नदीला भरती कोणत्या साली आल्ती?"

चतुराबाई पदरात तोंड घालून खुसखुसल्या. रानभाज्यांच्या जाणत्या म्हणून त्यांनाही बोलावलं होतं, अंगठ्यापुरतं.

"टायपिंग मिस्टेक," सर म्हणाले.

उपयुक्त जिवाणूंच्या पानावर एकच शब्द होता: दही. एवढं तरी खरं लिहिलंय, शिवकन्येला वाटलं. तिनं पान उलटलं आणि तिथली एक ओळ दोनदा वाचली.

'कळलावी. कंद उकडून खातात. बालकांना पौष्टिक.'

अंगणवाडीच्या कुंपणावर कळलावी लाल-पिवळी फुलली होती. तिची लेक रोज अंगणवाडीत जाताना त्या फुलांकडे धावायची. उद्या तिथं रानभाजी दिवस, आणि भाज्यांची यादी याच वहीतून गेलेली.

"सर, हे विष आहे. लेकरू वाचणार नाही याच्यानं."

"उगी कळ लावू नको, सूनबाई," काकासाहेब कावले. "छापून आलंय म्हणल्यावर बराबरच असंल."

"सरपंच, त्याच्या नावातच कळ हाय," चतुराबाई म्हणाल्या. "घरात भांडणं लागतेत म्हणून आमी दारातबी लावत न्हाई ते. खायचं कुठून?"

"अंधश्रद्धा!" सर हसले. "आम्ही संशोधन केलंय, आजी."

शिवकन्येनं वही त्यांच्यापुढं सरकवली. "मग कुंपणातला एक कंद उपटून आणते. इथंच उकडू. तुम्ही खा, मी सही करते."

सरांनी घड्याळ पाहिलं. "आज सोमवार. माझा उपवास आहे."

"अवो साहेब, उपासाला कंदच खातेत की!" चतुराबाई म्हणाल्या.

शिपायासकट सगळे खो-खो हसले. सर लालबुंद झाले. काकासाहेबांनाही हसू आवरेना. "खोडा हो तेवढं, साहेब," ते म्हणाले. सरांनी त्या ओळीवर रेघ ओढली. "झालं समाधान? आता करा सही."

शिवकन्येनं सहीच्या जागी लिहिलं, 'या वहीतलं गाव आमचं नाही', आणि ती अंगणवाडीकडं धावत सुटली; तिथल्या यादीत ती ओळ अजून तशीच होती.

अंगणवाडीत सेविका नंदाबाई परातीत कळलावीचे कंद धूत होत्या. "यादीत होते, म्हणून आजच उपटले, बाई."

शिवकन्येनं लेकीला धरलं, जबडा उघडला, बोट घालून दोन्ही गाल चाचपले. शेंगदाण्याचा चोथा निघाला. तरी तिनं ते चिमुकले हात साबणानं तीनदा घासले.

"फेका ते सगळं. खोल खड्ड्यात. परातसुद्धा घासा."

"मंग उद्या लेकरांना काय शिजवू?"

"तांदुळजा. तोही चतुराबाईंना दाखवून."