कुणबीवाडीचा नारू

मंडणगडाच्या बाजूच्या एका गावात, १९३१ च्या उन्हाळ्यात, कुणबीवाडीत नारू निघाला. सखूचा नवरा धोंडू ओटीवर पाय पसरून पडला होता. घोट्यातून बाहेर आलेला दोऱ्यासारखा किडा काडीला गुंडाळून रोज जरा जरा ओढायचा. मध्येच तुटला तर पाय सडायचा.

देवी टोचायला आलेल्या डॉक्टरांनी वाडीची तळी पाहिली. बायका पायऱ्या उतरून, गुडघाभर पाण्यात शिरून घागरी बुडवत होत्या.

"नारूचे पाय या पाण्यात बुडतात आणि तेच पाणी तुमच्या पोटात जातं," डॉक्टर म्हणाले. "लुगड्याच्या घडीतून गाळून प्या."

"लुगडं एकच हाय," सखू म्हणाली. "नेसू का गाळू?"

डॉक्टर म्हणाले, "मग रहाटाच्या विहिरीचं प्या. तिच्यात कोणाचे पाय बुडत नाहीत."

रहाटाची विहीर गावात एकच, आबा खोतांच्या पोफळीच्या आगरात. सखू त्यांच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"विहीर माझ्या पोफळींनाच पुरत नाही," आबा पान लावत म्हणाले. "आणि नारू हा ज्याच्या त्याच्या नशिबाचा भोग."

"पोफळींचं नशीब बरं हाय," म्हणून ती परत आली.

पाऊस लागला. खोतांची खाचरं भरली, रोपं लावणीला आली, पण वाडीतून कोणीच येईना. आबा छत्री घेऊन स्वतः निघाले. प्रत्येक ओटीवर माणसं पायाला चिंध्या बांधून कण्हत होती. खरा नारू मोजक्यांनाच होता. बाकीच्यांच्या चिंध्या सखूने फाटक्या गोणपाटाच्या केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा आले आणि म्हाताऱ्या बाबल्यापुढे थांबले. "काल पट्टी डाव्या पायाला होती."

"फिरतो त्यो, आबा," बाबल्या गंभीरपणे म्हणाला. "माज्यापरीस त्येचंच चालनं जास्त."

शेजारची गोदा तोंडाला पदर लावून खोकत राहिली.

आबांना कळायचं ते कळलं. पट्टी सोडून बघावं, तर एखाद्या वेळी आतून खराच किडा निघायचा, ही भीती. त्यांनी हात मागे घेतला. आसपासच्या गावांतली माणसं आपापल्या लावणीत गुंतलेली, आणि इकडे रोपं पिवळी पडायला लागलेली. शेवटी ते सखूच्या ओटीशी आले.

"उद्यापासून विहिरीवर या. पण आधी लावणी."

"आधी घागर, आबा. पाय तहानलेत."

सकाळी रहाट करकरला. दुपारपर्यंत अख्खी वाडी चिखलात वाकली होती, आणि बाबल्या सगळ्यांच्या पुढे होता.

पुढच्या उन्हाळ्यात नारू निघालेच; ते आधीच पोटात गेले होते. त्याच्या पुढच्या वर्षी मात्र एकाच घरी निघाला. धोंडूचा घोटा कायमचा आखडला. आबा पाहुण्यांना सांगत, की विहीर आपण धर्मादाय खुली केली. कोणी विचारलं तर सखूही म्हणे, "व्हय, लई दयाळू मानूस," आणि कमरेवरची घागर सावरून पुढे जाई.