एकशे अठरा दारं

टॉर्लेव हॉस्पिटलातून घरी परतला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी हेर्डिस फिशकेकचा डबा घेऊन त्याच्याकडे गेली. म्हातारा खिडकीशी बसला होता. मोडलेल्या खुब्यात स्क्रू, हाताशी कुबड्या आणि चेहऱ्यावर कोणाशी तरी भांडण काढायचंच असा भाव.

"बरं झालं आलीस," तो म्हणाला. "तू नगरपालिकेच्या त्या देखरेख समितीची अध्यक्ष ना? मग हे वाच. पोस्टवाल्या बाईनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं, तेव्हापासून डोकं फिरलंय माझं."

हॉस्पिटलनं दिलेला कागद होता तो. गावच्या आरोग्य खात्याकडून आलेली जुनी माहिती त्यात खाली छापली होती: मागची घरभेट, चौदा मार्च. प्रकृती ठीक. पडण्याचा धोका, नाही.

"मग?" हेर्डिसनं विचारलं.

"मग काय मग! चौदा मार्चला मी घरात होतो कुठे? भावाला पुरायला गेलो होतो बोडो शहरात. तूच तर मला बोटीवर सोडलंस. कोटाचं बटण तुटलं होतं, ते गाडीत बसून लावून दिलंस. तेवढ्यात नर्स येऊन माझ्या रिकाम्या खुर्चीची नाडी बघून गेली वाटतं!"

हेर्डिसला आठवलं. बटण, काळा कोट, धक्क्यावरचा बर्फाळ वारा, सगळंच आठवलं. टॉर्लेवनं सवयीनं किटली उचलली आणि तिच्यासाठी कॉफी ओतायला घेतली. ओतताना डाव्या हाताचं बोट त्यानं कपात घातलं होतं.

हे बोट तिनं यापूर्वी शंभरदा पाहिलं असेल. म्हाताऱ्याची खोड म्हणून सोडून दिलं होतं. आज तिनं विचारलं, "बोट का घालतोस रे कपात?"

"भरला की कळतं."

"दिसत नाही?"

"दिसतं की. धुक्यात दिसतं तसं."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली असतील."

"आणि कोणाला बोलला नाहीस?"

"विचारलं कोणी?" टॉर्लेव म्हणाला.

त्या सप्टेंबरात बोटीच्या शेडची शेवटची पायरी त्याला दिसली नव्हती. सकाळची न्याहारी करून तो खाली गेला आणि दुपारी तीन वाजता हेर्डिसला तो सापडला, तोवर तिथेच थंड फरशीवर पडून होता. हाका मारून मारून घसा बसला होता त्याचा.

घरी परतताना हेर्डिसला अपराधी वाटत होतं. टॉर्लेवमुळे तर होतंच, पण आणखी एका गोष्टीमुळेही. ग्रिंडॉय बेटाच्या नगरपालिकेनं गावाला शब्द दिला होता की पंचाहत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या घरी वर्षातून एकदा नर्स जाईल, तासभर बसेल, डोळे-कान-औषधं-जिने सगळं बघेल. जूनमध्ये त्याचा अहवाल समितीपुढे आला होता. एकशे अठरा माणसं, एकशे तेरा भेटी, शहाण्णव टक्के. समितीनं तो वाचला, कोणीतरी "छान!" म्हणालं, आणि आठ मिनिटांत पुढचा विषय निघाला. खाली सही हेर्डिसची होती. सत्तावीस वर्षं मासळीच्या कारखान्यात तपासनीस म्हणून तिनं काढली होती. उघडून बघितल्याशिवाय एक पेटी तिनं कधी बाहेर जाऊ दिली नव्हती. आणि इथे आख्खं गाव न उघडताच पास करून टाकलं होतं.

सोमवारी ती आरोग्य विभागाचा प्रमुख विदार याच्याकडे गेली. विदार नीटनेटका माणूस. त्याच्या टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावलेल्या असत.

"एखादी नोंद चुकते, हेर्डिस," तो म्हणाला. "माणसंच करतात ना काम. दुरुस्त करून टाकू."

"एखादीच चुकलीय हे तुला कसं कळलं?"

"आपला आकडा जिल्ह्यात सगळ्यात वरचा आहे."

"तो खरा आहे का, तेच तर विचारतेय मी."

विदार हसला आणि घड्याळाकडे बघायला लागला. हेर्डिस समजायचं ते समजली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं दारं ठोठवायला सुरुवात केली. पंचाहत्तरी कोणाकोणाची झाली हे ग्रिंडॉयवर कोणाला विचारावं लागत नाही. सगळ्यांच्या वाढदिवसाचे केक सगळ्यांनी खाल्लेले असतात. प्रत्येक घरी ती एकच प्रश्न विचारायची: गेल्या वर्षात नर्स तुझ्या घरात येऊन बसली का?

अठ्ठ्याऐंशी वर्षांची ओड्नी म्हणाली, "आली की! फार गोड पोरगी. किती वेळ बोलत होतो आम्ही."

"कुठे बसली होती?"

"बसायला ती इथे कुठे होती? फोनवर. मी तिला म्हटलं, ये एकदा, खायला वाफल करते."

काही दारांत मात्र स्वागत झालं नाही. "सुन्निवाच्या मागे का लागलीस?" एकानं उंबऱ्यावरच सुनावलं. "माझ्या नातवंडांना तिनं लसी टोचल्या, माझ्या बायकोचं शेवटच्या दिवसांत तिनंच सगळं केलं. समितीत गेलीस म्हणून शिंगं फुटली का तुला?" आणि दार धाडकन मिटलं. हेर्डिस पायऱ्यांवर क्षणभर उभी राहिली. सुन्निवा गावाची एकुलती एक नर्स होती, आणि गावाचं तिच्यावर प्रेम होतं. हेर्डिसचंही होतं. तिच्या बाप्तिस्म्याला हेर्डिसनंच तिला हातात धरलं होतं.

तीन आठवड्यांनी हिशेब लागला. एकशे अठरा दारांपैकी नर्स खरोखर पोचली होती सेहेचाळीस ठिकाणी.

त्या रविवारी दुपारी सुन्निवा स्वतःच आली. बूट न काढता दारातच उभी राहिली.

"सगळ्या बेटावर फिरलीस," ती म्हणाली. "फक्त माझ्याकडे आली नाहीस."

"येणारच होते. आधी मला दारं मोजायची होती. तुला विचारलं असतं तर तू रडली असतीस, मग मी पुढे गेले नसते."

सुन्निवा रडली नाही. ती स्वयंपाकघरात येऊन बसली आणि तिनं सांगायला सुरुवात केली. तीन वर्षांपूर्वी दुसरी नर्स निवृत्त झाली, ती अर्धवेळ जागा भरलीच नाही. शाळेच्या लसी, तान्ही बाळं, मलमपट्ट्या, सगळं एकटीवर आलं. मग नवा संगणकी फॉर्म आला. त्यात दोनच चौकोन होते: 'भेट झाली' आणि 'भेट नाकारली'. काहीच भरलं नाही तर नाव लाल व्हायचं आणि दर शुक्रवारी आठवणीची मेल यायची.

"मी विदारला विचारलं, फोन केलेल्यांचं काय लिहू? तो म्हणाला, फोन म्हणजे संपर्कच झाला, 'झाली'वर खूण कर. टॉर्लेवनं तर फोनही उचलला नाही. निरोप ठेवला आणि खूण केली. 'धोका, नाही' हे आधीच छापलेलं असतं. बदलायला विसरलं की तसंच राहतं." तिनं हेर्डिसकडे पाहिलं. "मी विसरले, हेर्डिस. तो सहा तास पडून होता आणि माझ्या नोंदीत त्याला धोका नव्हता."

हेर्डिसनं तिच्यापुढे कॉफी ठेवली.

"वर कोणाला कळवलं होतंस?"

"तीन पत्रं लिहिली. दोन विदारला, एक नगराध्यक्षांना. उत्तर एकाचंही नाही. नकला आहेत माझ्याकडे."

"सभेत बोलशील?"

"माझी नोकरी गेली तर?"

खोटा दिलासा द्यायचा हेर्डिसला मोह झाला. तिनं तो गिळला. "जाईल की राहील ते माझ्या हातात नाही. पण तुला एकटीला उभं राहावं लागणार नाही, एवढं माझ्या हातात आहे."

सुन्निवानं कॉफी पूर्ण संपवली.

नोव्हेंबरातल्या सभेला नगरपालिकेच्या दालनात बसायला जागा उरली नव्हती. एरवी मागच्या बाकांवर एक वार्ताहर आणि हीटरच्या उबेसाठी येणारा एक म्हातारा असायचा. त्या दिवशी ओड्नी विणकाम घेऊन आली होती, टॉर्लेव कुबड्या घेऊन आला होता, आणि ज्यानं दार आपटलं होतं तोही मागे हाताची घडी घालून उभा होता.

हेर्डिसनं आपला अहवाल वाचला. पहिलं वाक्य असं होतं: "जूनमध्ये समितीनं शहाण्णव टक्क्यांवर सही केली, ती माझी होती आणि ती चुकीची होती." मग तिनं खरा आकडा सांगितला. एकोणचाळीस टक्के.

दालनात कुजबुज उठली. विदार उभा राहिला. "एका कर्मचाऱ्याच्या नोंदींत गंभीर त्रुटी आढळल्या आहेत," तो म्हणाला. "नियमांप्रमाणे योग्य ती कारवाई होईल."

"थांब विदार," हेर्डिस म्हणाली. "कारखान्यात कमी वजनाची पेटी सापडली की आधी पेटी भरणारीवर बोट दाखवायचे. मीही दाखवलंय. मग एकदा वजनकाटा उघडून बघितला, तर काटाच खोटं वजन दाखवत होता. भरणारी रोज सांगत होती, आणि आम्ही तिलाच ओरडत होतो. मला आज काटा उघडायचाय."

"हा तांत्रिक विषय आहे—"

"मी खूण केली," मागून आवाज आला.

सुन्निवा उभी राहिली होती. तिच्या हातात पत्रांच्या नकला होत्या. "जिथे गेले नाही तिथे गेले असं मी लिहिलं. ते मी केलं, आणि टॉर्लेवची मी माफी मागते. पण हे मी लपवलं नव्हतं." आणि तिनं तिन्ही पत्रं वाचून दाखवली, तारखांसकट. शेवटच्या पत्रातलं एक वाक्य तिनं दोनदा वाचलं: *एकटी एवढ्या घरी मी पोचू शकत नाही, आणि न पोचलेलं लिहायला फॉर्ममध्ये जागा नाही.*

सगळ्यांच्या माना नगराध्यक्षाकडे वळल्या. आसगेर हा जाडजूड, लाजरा माणूस, मूळचा बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. तो उठला, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तिसरं पत्र मला मिळालं होतं," तो म्हणाला. "मी वाचलं. वाचून खणात ठेवलं. त्याच आठवड्यात जिल्ह्याकडून आपलं कौतुक आलं होतं, शहाण्णव टक्क्यांबद्दल. ते कौतुकाचं पत्र मात्र मी भिंतीवर लावलं." तो विदारकडे वळला. "सुन्निवावर कारवाई करायची असेल तर सुरुवात माझ्यापासून करा."

मग टॉर्लेवनं कुबडी जमिनीवर आपटली.

"कारवाई-बिरवाई जाऊ दे रे," तो ओरडला. "मला एवढंच सांग, माझ्या घरी माणूस कधी येणार?"

सगळं दालन हसलं. सगळ्यात मोठ्यानं सुन्निवा हसली, डोळे पुसत पुसत.

त्या दिवशी सभा लांबली. रिकामी पडलेली अर्धवेळ जागा भरायची आणि ती पूर्णवेळ करायची असं एकमतानं ठरलं. दर तीन महिन्यांनी खरा आकडा सभेत मोठ्यानं वाचायचा, आणि समितीनं दर वेळी कोणत्याही दहा घरांची दारं स्वतः ठोठवून तो पडताळायचा, हेही ठरलं. जिल्ह्याला दुरुस्तीचं पत्र गेलं. त्याखाली आसगेरनं स्वतः सही केली. विदार आठवडाभर कोणाशी धड बोलला नाही. पुढच्या आठवड्यात तो लॅपटॉप घेऊन सुन्निवाच्या खोलीत गेला आणि म्हणाला, "किती चौकोन हवेत, सांग." दोघांनी मिळून पाच केले. त्यातला एक होता: 'जमलं नाही, कारण'.

जानेवारीत इल्वा नावाची तरुण नर्स रुजू झाली. पहिल्याच दिवशी तिला टॉर्लेवकडे पाठवलं. दीड तास ती तिथे होती. म्हाताऱ्यानं तिला आपल्या भावाच्या, बोटींच्या आणि सरकारच्या गोष्टी सांगितल्या, तिनं त्याच्या डोळ्यांत उजेड टाकून बघितला आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नाव लावून टाकलं. मार्चअखेर त्याचा एक डोळा मोकळा झाला. त्यानं पहिल्यांदा काय पाहिलं असेल, तर हेर्डिसच्या घराचा रंग उडालाय. आणि हे त्यानं तिला फोन करून लगेच कळवलं.

एप्रिलच्या सभेत आकडा वाचला गेला: त्या तिमाहीत ठरलेल्या घरांपैकी एकाहत्तर टक्के. जिल्ह्याच्या यादीत ग्रिंडॉय शेवटून दुसरं होतं. मागच्या बाकांवरून टाळ्या वाजल्या. कोणीतरी नवखा वार्ताहर गोंधळून शेजाऱ्याला विचारत होता की शेवटून दुसरे आलो तर टाळ्या कशाच्या. शेजाऱ्यानं त्याला सांगितलं, "खरे आहेत रे हे एकाहत्तर. समितीनं ठोठवलेल्या दहा दारांत माझं एक होतं."

त्यानंतर आठवड्यानं हेर्डिसचा फोन वाजला. पलीकडच्या बेटाच्या देखरेख समितीच्या अध्यक्षबाई होत्या. आवाज जरा दबलेला.

"तुमच्याकडचं वाचलं," त्या म्हणाल्या. "आमचा आकडा सत्त्याण्णव आहे. मला झोप लागेना. सुरुवात कुठून करायची असते?"

हेर्डिसनं खिडकीबाहेर पाहिलं. ऊन होतं, वाळत घातलेल्या कॉड माशांच्या ओळींवर समुद्रपक्षी घिरट्या घालत होते.

"बूट चांगले आहेत ना?" तिनं विचारलं. "मग शेजारच्या घरापासून कर. मी शनिवारच्या बोटीनं येते, निम्मी दारं मी करीन."