एक पिशवी, दोन मुख्य

नवरा-बायको एकाच संस्थेत कामाला असली की एक सोय असते आणि एक पंचाईत. सोय अशी की सकाळी एकत्र निघता येतं. पंचाईत अशी की घरात अबोला धरला तर तोही सोबत ऑफिसात येतो.

या गोष्टीतल्या बायकोचा अबोला सोमवारपासून चालू होता, आणि कारण होत्या सासूबाई. थांबा, तुम्हाला वाटतंय तसं नाही. सासू-सुनेचं चांगलं गूळपीठ होतं. पण "तुझ्यावर फार ताण पडतो" असं आपलं आपणच ठरवून नवऱ्यानं आईला कायमचं आपल्या बहिणीकडे पोहोचवलं आणि परत आल्यावर बायकोला सांगितलं. वर शाबासकीची वाट बघत उभा! "मला विचारलंस?" एवढंच ती म्हणाली आणि तोंडाला कुलूप लावलं.

दोघं रक्तपेढीचा डेटाबेस सांभाळत. तो दोन इमारतींत, दोन यंत्रांवर ठेवलेला. तिच्याकडचं मुख्य; रक्ताची कुठली पिशवी कुठल्या रुग्णासाठी राखली, ते त्याच्यावर लिहिलं जायचं. नदीपलीकडे नवऱ्याच्या इमारतीतलं दुसरं यंत्र त्याची जशीच्या तशी नक्कल करत राहायचं. पहिलं बंद पडलं तर दुसऱ्यानं मुख्य व्हायचं. खरं म्हणजे तिसरंही एक होतं, छोटंसं. कोण चालू आणि कोण बंद, याची साक्ष देणं एवढंच त्याचं काम. ते बिघडून दुरुस्तीला गेलेलं. तोवर निवाडा माणसांनी करायचा, आणि नियम तिनंच घालून दिला होता: समोरच्याकडून फोनवर "बंद आहे" असं ऐकल्याशिवाय दुसऱ्या यंत्राला मुख्य करायचं नाही.

गुरुवारी दुपारी रस्ता खोदणाऱ्यांनी दोन इमारतींमधली केबल तोडली. यंत्रं दोन्ही ठणठणीत, फक्त एकमेकांना दिसेनाशी झाली. नदीपलीकडच्या रुग्णालयांच्या मागण्या नवऱ्याच्या इमारतीतून पुढे जायच्या; त्या अडकल्या आणि नवऱ्याचा फोन वाजायला लागला. त्यानं नियमाप्रमाणे बायकोला फोन लावला.

तिच्या पडद्यावर तेव्हा सगळं हिरवं होतं. क्षणभर संपर्क तुटला की उगीच लुकलुक नको म्हणून तिनं पडद्याला जरा थांबून लाल व्हायला शिकवलं होतं. त्यामुळे फोनवर नवऱ्याचं नाव दिसल्यावर तिला वाटलं, आले साहेब समजूत घालायला! कामाच्या वेळी ही नाटकं कशाला? तिनं फोन कापला. त्यानं परत लावला, तिनं परत कापला.

पुढच्या मिनिटाला पलीकडचं यंत्र तिच्या पडद्यावर लाल झालं. आता तिनं फोन करायला हवा होता. पण नाक आडवं आलं. 'आपलं मुख्य चालू आहे ना? मग त्याचं तो बघेल.'

त्यानं बघितलंच. तिकडे रुग्णालयवाले ओरडत होते, इकडे बायको फोन उचलत नव्हती. तिच्या इमारतीतलं सगळंच बंद असणार, त्या गडबडीतच ती फोन कापतेय, असं धरून त्यानं आपलं यंत्र मुख्य केलं.

केबल जोडली गेली तेव्हा तिच्या पडद्यावर 'मुख्य' हा शब्द दोनदा उमटला. म्हणजे एकच पिशवी दोन्हीकडे वेगवेगळ्या रुग्णांसाठी राखली गेली असेल! यावेळी फोन तिनं केला.

"तू मुख्य केलंस?"

"तू उचललास का फोन?"

"लिहिणं थांबव. मीही थांबवते. लॅपटॉप घेऊन इकडे ये."

तो आला. एका टेबलाशी समोरासमोर बसून दोघं मधल्या वेळातल्या नोंदी मोठ्यानं वाचायला लागली. ती एक वाचायची, तो आपल्याकडे आहे का ते बघायचा. चार दिवसांत दोघांमध्ये इतके शब्द झाले नव्हते. बहुतेक नोंदी वेगवेगळ्या पिशव्यांच्या होत्या, त्या बिनबोभाट मिसळल्या. मग एका दुर्मिळ रक्तगटाची पिशवी आली. पेढीत त्या गटाची तेवढी एकच होती.

"ऑपरेशनसाठी राखली. आजोबा आहेत," ती म्हणाली.

त्यानं आपली नोंद पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाला, "माझ्याकडे बाळंतीण आहे. रक्तस्राव थांबत नाहीये."

पिशवी गाडीतून आजोबांच्या रुग्णालयाकडे निघालीसुद्धा होती. कुणाला द्यायची, यावर वाद घालण्यासारखं काही नव्हतं. तिनं ड्रायव्हरला फोन लावला. "दादा, गाडी वळवा. प्रसूतीवाल्या रुग्णालयात न्या, जीव तिथं अडकलाय." तोवर नवऱ्यानं त्या गटाच्या रक्तदात्यांना फोन लावायला सुरुवात केली. एक जण संध्याकाळी येतो म्हणाला. म्हणजे आजोबांचं ऑपरेशन उद्यावर गेलं. तिथल्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, चूक तुमची, घरच्यांना तुम्हीच कळवा.

तिनं आजोबांच्या घरच्यांना फोन लावला, आणि फोनवर आजी आल्या. "अहो, सकाळपासून उपाशी ठेवलंय त्यांना. भीतीनं आधीच अर्धे झालेत. चूक झाली कुणाची?"

नवऱ्यानं फोनसाठी हात पुढे केला. तिनं दिला नाही.

"आमची, आजी. यांनी मला फोन केला होता आणि मी रागानं उचलला नाही. मग यांनी न विचारता ठरवून टाकलं. उद्या नक्की होईल."

"तुमच्या नक्कीवरच तर आज उपाशी ठेवलं होतं," आजी म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

तिनं आजोबांचं नाव उद्याच्या यादीत सगळ्यात वर लिहिलं. डोळे भरून आले होते, ते तिनं पुसलेही नाहीत.

संध्याकाळी रुग्णालयातून निरोप आला, बाळंतिणीचा रक्तस्राव थांबला, बाळही बरं आहे. रक्तदाताही येऊन रक्त देऊन गेला. दोघांनी नवऱ्याकडचं यंत्र पुन्हा नक्कल करायच्या कामाला लावलं, ते पहिल्याच्या बरोबरीला आलं याची खात्री केली आणि मगच खुर्च्या सोडल्या.

जिना उतरताना नवऱ्यानं खिशातून फोन काढला. "आईला सांगतो, परत ये म्हणून." मग एकदम थांबला. "म्हणजे... तुला विचारतो आधी. बोलावूया?"

"मला विचारलंस, बरं केलंस," ती म्हणाली. "पण त्यांना विचार ना. नेतानाही विचारलं नव्हतंस."

तो तिथंच पायरीवर बसला आणि त्यानं नंबर लावला. पलीकडे घंटा वाजत राहिली. उचलेना कोणी.

"थांब," ती त्याच्या शेजारी बसत म्हणाली. "उचलेपर्यंत काही ठरवायचं नाही."