होडीत बसलेला बाप

"तो स्वतःहून चढला, असं बोल ना!" फ्लॉसीने नवऱ्याच्या दंडाला धरून हलवलं. "जीभ गिळलीस काय?"

लुईस मान खाली घालून उभा होता. राजोडीच्या किनाऱ्यावर, वाळूत त्याची होडी ओढून ठेवलेली होती आणि मत्स्यखात्याचे साहेब मोबाइलवर व्हिडिओ दाखवत होते. पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस, खवळलेला समुद्र, वल्ह्याशी लुईस. पुढच्या टोकाला निर्मळ गावचा रामनाथ, अंगात लाइफ जॅकेट नाही.

रामनाथचा मुलगा हितेश परवा इथेच लाटेत ओढला गेला होता. बुडालेल्याला शोधायला होडी निघाली की घरचं माणूस पुढे बसतं, ही इथली रीत. परक्या हातांनी त्याला वर काढायचं नाही. रामनाथने मुलाला स्वतः उचलून होडीत घेतलं होतं.

"एकटे गेला असतात तर मदतकार्य म्हणून सोडलं असतं," साहेब म्हणाले. "बंदीत बाहेरचा माणूस घेतलात. होडी जप्त, परवाना वर्षभर बंद. तो जबरदस्तीने चढला, असा जबाब द्या. मग प्रकरण त्याच्यावर जाईल."

"पोर गेलं त्याच्यावर?" लुईसने पहिल्यांदा मान वर केली. "मी हात धरून चढवला त्याला. तसंच लिवा."

"आनि वर्षभर आमी काय खायचं? तुझी रीत?" फ्लॉसी ओरडली. मग साहेबांकडे वळली. "शनवार-रविवारी ते रिसॉर्टवाले पान्यात स्कूटरी उडवतात, बिनपरवाना. त्यांचा व्हिडिओ नाय दिसत तुमाला?"

"तो विषय वेगळा आहे, बाई."

"वेगळाच असनार! त्यांचं पोट वेगळं, आमचं वेगळं!"

साहेबांनी खूण केली. रस्त्यावर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. दोघा माणसांनी होडीला दोर बांधला आणि ओढायला सुरुवात केली. होडी वाळूत रुतली.

"जरा हात लावा रे," साहेबांनी जमलेल्यांना सांगितलं.

कोणी हललं नाही. गर्दीतली म्हातारी आल्बिना तेवढी वाळूत थुंकली.

माणसांनी चिडून दोर हिसडला. होडी कलंडली. तळ दगडावर करकरला. तो आवाज ऐकून लुईस पुढे धावला.

"थांबा!" तो ओरडला. "फुटंल ती. आडवी नका ओढू."

त्याने होडी सरळ केली आणि मागून खांदा लावला. त्याच्या एकट्याच्याने ती हलेना.

फ्लॉसी पुढे आली. तिने गाऊन कमरेला खोचला, कुडाजवळचे गोल ओंडके आणून होडीखाली सारले. खात्याचा एक माणूस मदतीला वाकला.

"हात काढ," ती म्हणाली. "आमची हाय अजून."

होडी सरकू लागली. मागे सुटलेला प्रत्येक ओंडका फ्लॉसी उचलत होती आणि लुईसकडे न बघता पुढे नेऊन ठेवत होती, रस्त्यापर्यंत.