सोनबासाठी प्रार्थना

माझ्या नवऱ्याची बोटं प्रेसमध्ये गेली, त्यानंतर आमच्या चर्चच्या मंडळीनं आमच्यासाठी जे केलं ते सख्ख्या भावांनीही केलं नसतं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कुणीतरी म्हणेल, विजयश्री उपकार विसरली. विसरलेली नाही. रक्त द्यायला आकुर्डीहून पोरं धावत आली. दवाखान्यात रोज कुणाचा ना कुणाचा डबा यायचा, कधी अंडाकरी, कधी नुसती खिचडी, पण गरम. पाळकसाहेबांचे गुडघे दुखतात, तरी जिने चढून यायचे आणि खाटेजवळ उभं राहून प्रार्थना करायचे. मंडळीतल्या गिरजाबाईंनी तर माझ्या लेकीला, निशिगंधाला, स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, तिच्या वेण्या घातल्या, तिला शाळेत नेलं-आणलं. असली माया विकत मिळत नाही. म्हणूनच तर इतकं लागलं.

ज्योतीराम निघोज्याला एका कंपनीत प्रेसवर होते. गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग तिथे बनतात. वरून साचा येतो, पत्रा दाबतो, परत वर जातो. माणसाचा हात आत असला तर मशीन जागच्या जागी थांबावं म्हणून पुढे सेन्सर असतो. पण सेन्सर जरा कुठे काही हललं की मशीन अडवतो, मग माल कमी निघतो. म्हणून तो बायपास करून ठेवला होता. ज्योतीरामांनी नाही, वरून तसा हुकूम होता. "साहेब, सेन्सर चालू करू का?" असं ज्योतीरामांनी विचारलंही होतं. "आधी टार्गेट बघ," असं उत्तर मिळालं.

ते उत्तर देणारे साहेब म्हणजे दिग्विजयभाऊ. कंपनीत प्रॉडक्शन मॅनेजर, आणि रविवारी आमच्या मंडळीचे पंच, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्यांपैकी एक. आम्ही जालन्याहून आलो तेव्हा ज्योतीरामांना कामाला त्यांनीच लावलं. मंडळीतली निम्मी माणसं त्यांनीच कुठे ना कुठे चिकटवलेली आहेत. अपघात झाला तेव्हा ॲम्ब्युलन्सची वाट न बघता त्यांनी ज्योतीरामांना स्वतःच्या गाडीत घातलं. मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांचा शर्ट रक्तानं भरला होता आणि ते भिंतीला टेकून रडत होते. ते रडणं खोटं नव्हतं. मी आजही तसंच म्हणेन.

मग त्यांनी खाटेजवळ पहिली प्रार्थना केली. "हे प्रभू, आमच्या भावाच्या हातून घाईत चूक झाली. तू त्याला क्षमा कर, त्याला उभारी दे."

ते वाक्य तिथून जे सुटलं ते थांबेचना. जो येईल तो तीच प्रार्थना करायचा. घाईत चूक झाली, क्षमा कर. बेसावध होता, क्षमा कर. डबा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि माझ्या नवऱ्यासाठी माफी मागायची. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी उरलेला माणूस उशीवर डोकं टेकून ते ऐकायचा आणि शेवटी आमेन म्हणायचा. सगळे गेले की भिंतीकडे तोंड करून म्हणायचा, "मी चूक नाही केली गं."

"मला ठाऊक आहे."

"तुला ठाऊक असून काय उपयोग? एकदा चारचौघांत कुणीतरी म्हणायला पाहिजे."

त्यांना एवढंच हवं होतं. बेफिकीर कामगार असा शिक्का बसला की या सगळ्या पट्ट्यात कुठलीच कंपनी दारात उभं करत नाही, ही भीती होतीच. पण त्याहून जास्त त्यांना आतून खात होतं. बारा वर्षं प्रेसवर काढलेला माणूस, त्याला मशीनसमोर हात कुठे ठेवायचा हे कळत नाही म्हणे!

तपासणीला सरकारी साहेब येणार असं कळलं, तेव्हा आम्हाला सोनबा आठवला. सोनबा शेजारच्या प्रेसवर असायचा. सेन्सर बायपास आहे हे त्याला माहीत होतं, "आधी टार्गेट बघ" हे त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तोही आमच्याच मंडळीतला, आमच्याच मराठवाड्याकडचा. एका संध्याकाळी बायकोला घेऊन आमच्या खोलीवर आला, ज्योतीरामांचा बँडेज बांधलेला हात मांडीवर घेऊन बसला.

"भावा, जे हाय ते मी सांगणार," तो म्हणाला. "कंत्राटी माणूस हाय मी, भ्या वाटतंय. पण सांगणार. फक्त तवर कुठं बोलू नका."

तो गेल्यावर ज्योतीराम अपघातानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले.

आमच्या बायकांची प्रार्थनासभा दर बुधवारी गिरजाबाईंच्या घरी असते. प्रत्येकीनं आपली विनंती सांगायची आणि बाकीच्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची. कुणाचा नवरा पितो, कुणाच्या पोटी मूल नाही, कुणाची सासू छळते. तिथलं तिथंच राहतं, असं आम्ही सगळ्या मानतो. मी सभेत काहीच बोलले नाही. एवढी अक्कल मला होती. पण सभा संपल्यावर गिरजाबाई चहाचे कप विसळत होत्या, मी पुसत होते, आणि त्यांनी विचारलं, "काय गं, आज गप गप?" त्या माझ्या आईच्या वयाच्या. माझ्या लेकीच्या वेण्या घालणारी बाई. मी सांगितलं.

"सोनबाभाऊंना धैर्य मिळावं म्हणून प्रार्थना करा, बाई. पण नाव कुठे घेऊ नका."

त्यांनी ओल्या हातांनी माझे हात धरले आणि तिथेच, मोरीपाशी उभ्याउभ्या प्रार्थना केली. मला इतकं हलकं वाटलं की घरी जाताना मी गुणगुणत होते.

आमच्याकडे अवघड मागणी असली की तिच्यासाठी उपास धरतात. बायकांनी एकीनं धरायचा आणि सोबत एखाद्या पंचानं धरायचा, अशी पद्धत आहे. शनिवारी गिरजाबाईंनी सोनबासाठी उपास धरला. सोबतीला पंच कोण घेतला असेल? दिग्विजयभाऊ. त्यांनी दिवसभर पाणीसुद्धा घेतलं नाही म्हणे. त्याचंही मला नंतर कौतुक ऐकवण्यात आलं.

सोमवारी सोनबाला ऑफिसात बोलावणं आलं. गुरुवारी सरकारी साहेब आले. ज्योतीरामांनाही तिथे बोलावलं होतं, त्यांच्यासमोरच सोनबानं जबानी दिली. सेन्सरचं आपल्याला काही माहीत नाही, आपलं लक्ष आपल्या मशीनवर होतं, आणि ज्योतीरामला जरा घाई असायची. साहेबांनी लिहून घेतलं आणि ज्योतीरामांना सांगितलं, तुमचं म्हणणं पुढच्या आठवड्यात कार्यालयात येऊन द्या.

घरी येऊन पाण्याचा तांब्या हातात तसाच धरून त्यांनी मला हे सगळं सांगितलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. "तुमचं तोंड आहे ना अजून? तुम्ही सांगा खरं काय ते," मी म्हणाले. त्यांनी तांब्या खाली ठेवला. मी तशीच चपला घालून गिरजाबाईंकडे गेले.

"कुणाला सांगितलंत?"

"कुनाला न्हाई बाई!" त्या घाबरून म्हणाल्या. "देवाशप्पत. फकस्त दिग्विजयला सांगितलं, उपासाला."

"फक्त दिग्विजयला! अहो, ज्याच्याविरुद्ध बोलायचं होतं त्यालाच?"

"असं कसं म्हन्तीस? कंपनीत तो काय असंल ते असू दे. परार्थनेत तो आपला भाऊ हाय."

"मी म्हटलं होतं, नाव घेऊ नका."

"नाव न घेता उपास कुनाच्या नावानं धरायचा? देवाला काय सांगायचं, हाय कुनीतरी एक?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. त्या लबाड असत्या तर बरं झालं असतं, दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते. निघताना त्यांनी माझ्या पिशवीत निशिगंधासाठी शेंगदाण्याचे लाडू कोंबले, आणि मी ते घेतले, याचाही मला नंतर संताप आला.

रविवारी मी उपासनेला जाणार नव्हते. ज्योतीराम म्हणाले, चल, लोक काय म्हणतील. आमची मंडळी आकुर्डीत एका हार्डवेअरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये भरते. दोन गाणी झाली, आणि पाळकसाहेबांनी विचारलं, या आठवड्यात देवानं कुणासाठी काय केलं, कुणाला साक्ष द्यायचीय? सोनबा उभा राहिला. नवा शर्ट, घड्या न मोडलेल्या.

"सगळ्यांना जय ख्रिस्त. पाच वर्सं मी कंत्राटी होतो. या आठवड्यात परमेश्वरानं मला परमनंट केलं. माझ्यासाठी उपास धरला गेला हे मला कळलं. त्या प्रार्थनांचं उत्तर आलं."

"हालेलूया!" सगळा हॉल म्हणाला. टाळ्या पडल्या. सोनबाची बायको पदरानं डोळे पुसत होती. गिरजाबाईंनी वळून माझ्याकडे पाहिलं. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला असावा, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला. पण टाळ्या चालू होत्या, त्याही टाळ्या वाजवत राहिल्या. सोनबानं आमच्या बाजूला पाहिलं नाही.

त्यानंतर इतरांसाठी करायच्या प्रार्थनेची वेळ असते. ज्याला वाटेल त्यानं उभं राहून मोठ्यानं प्रार्थना करायची. एकदा का कुणी डोळे मिटून "हे प्रभू" म्हणालं, की आमेन येईपर्यंत त्याला कुणी अडवत नाही. पंच नाही, पाळकसाहेबसुद्धा नाही. हे माझ्या ध्यानात आलं आणि मी उभी राहिले. ज्योतीरामांनी डाव्या हातानं माझा पदर ओढला. "नको," ते हळूच म्हणाले. मी पदर सोडवून घेतला.

"हे प्रभू," मी म्हणाले, आणि माझा आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. "तुझ्यापासून काही लपत नाही. त्या प्रेसचा सेन्सर कुणाच्या सांगण्यावरून बंद होता, ते तू पाहिलंस. माझ्या नवऱ्यानं विचारलं, सेन्सर चालू करू का, तेव्हा कुणी काय उत्तर दिलं, ते तू ऐकलंस. माझ्या नवऱ्याची चूक नव्हती, प्रभू. त्याच्यासाठी इथे इतक्या जणांनी माफी मागितली, ती त्याला नको. ज्याला हवी त्याला दे. दिग्विजयभाऊंना खरं बोलायची बुद्धी दे. सोनबाभाऊंना रात्री झोप लागू दे. आणि मी सांगितलेली गोष्ट ज्या मायेनं फोडली गेली, त्या मायेपासून मला वाचव. आमेन."

कुणी आमेन म्हणालं नाही.

आमच्याकडे असं होत नाही. लहान मुलानं बोबडं काही मागितलं तरी सगळे आमेन म्हणतात. मी डोळे उघडले. सगळ्यांचे मिटलेलेच होते, घट्ट, आणि मला पहिल्यांदाच कळलं की मिटलेल्या डोळ्यांचा माणसाला किती आसरा असतो. मी वाट बघत उभी राहिले. मनात म्हणत होते, कुणीतरी एक. गिरजाबाई, तुम्ही म्हणा. ज्याला डबे पोचवलेत त्याच्यासाठी एक शब्द.

तेव्हा पुढच्या रांगेतून दिग्विजयभाऊंचा आवाज आला. तोच मऊ आवाज, दवाखान्यातला. "हे दयाळू पित्या, आमची बहीण फार दुःखात आहे. दुःखात माणूस काय बोलतो ते त्यालाही कळत नाही. तिच्या मनातली कटुता काढून टाक. आम्हा सर्वांना एकमेकांना सांभाळून घ्यायला शिकव. येशूच्या नावात मागतो."

"आमेन," अख्खा हॉल म्हणाला. इतका मोठा आमेन मी तिथे ईस्टरलाही ऐकला नव्हता. सुटका झाल्यासारखा आला तो. आणि त्यात माझ्या शेजारून, खालून, ज्योतीरामांचाही आवाज आला.

देवावर माझा राग नाही. त्यानं त्या दिवशी माझं ऐकलं, अशी माझी खात्री आहे. तेवढ्या हॉलमध्ये ऐकणारा तोच एक होता. पण खाली बसताना मी नवऱ्याच्या अंगाला अंग लागणार नाही अशी खुर्ची सरकवून बसले.

उपासना संपली. जिन्यात दोघीतिघींनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, "प्रार्थनेत आहेस हं तू आमच्या" म्हणाल्या. आम्ही बसस्टॉपवर येऊन उभे राहिलो. ऊन चांगलंच तापलं होतं. निशिगंधा थोडी पुढे जाऊन बसचा नंबर बघत होती.

"तुम्ही आमेन म्हणालात," मी म्हणाले.

"सगळे म्हणाले. तोंडातून गेलं."

"माझ्या प्रार्थनेला नाही गेलं ते."

ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "शुक्रवारी दिग्विजयभाऊ आले होते खोलीवर. तू बाजारात गेली होतीस. गेटवर जागा आहे म्हणाले. बसून काम. एका हातानं जमेल असं."

"आणि?"

"पुढच्या आठवड्यात सरकारी साहेबांसमोर एवढंच म्हणायचं, की घाई माझीच झाली."

"तुम्ही काय म्हणालात?"

बस आली. निशिगंधानं हात केला. ज्योतीरामांनी चढण्यासाठी सवयीनं उजवा हात दांड्याकडे नेला, मग डावा पुढे केला.

"हो म्हणालो," ते म्हणाले. "मग त्यांनी प्रार्थना केली."